असू दे, लागंल

मे महिन्यातली परभणीची दुपार, कूलरची घरघर, आणि स्कायरिम या व्हिडिओ गेममध्ये पळणारा गडी एकदम रांगेला लागल्यासारखा चालायला लागतो. ओझं ३०० च्या वर गेलेलं असतं. पिशवीत काय, तर चीजची दोन चाकं, चार कोबी, एक झाडू आणि ३० वजनाचं लोखंडी चिलखत. असू दे, लागंल.

हे वाक्य मराठवाड्यात कुणाला शिकवावं लागत नाही. जळालेल्या मोटरीची वायर, ठिबकच्या नळ्या, खताचे रिकामे कट्टे... २०११ साली अमेरिकेत बसून गेम करणाऱ्यांना आपला माळा कुठं दिसला, देव जाणे.

सोन्याच्या नाण्यांना आणि कुलूप उघडायच्या काड्यांना वजनच नाही, ते कितीही घ्यावं. बाकी मालाला अडत्याचा हिशेब लावायचा: किंमत भागिले वजन, दहाच्या खाली आलं की जागेवर सोडायचं. ते चिलखत १२५ नाण्यांचं, म्हणजे चाराच्या वर थोडं. टाका.

ड्वेमर म्हणजे गेममधली नामशेष झालेली जमात; त्यांच्या पडक्या शहरांतलं भंगार मात्र निवडून उचलावं. वाकडा पत्रा २ वजनाचा. भट्टीत घातला की १ वजनाच्या तीन लगडी. भरीव ठोकळा २५ वजनाचा, लगडी पाचच. पत्रा वितळून वजन वाढतं! आपल्याकडच्या भंगारवाल्याला हे कळलं तर तो काटाच फेकून देईल.

लेव्हल वाढताना दम वाढवायचा पर्याय घेतला की ओझं उचलायची क्षमता ५ ने वाढते. ओझं जास्त झालंच तर घोड्यावर बसावं, नकाशावरून थेट गाव गाठता येतं. पण वाटेतल्या गुहेतल्या पिंपात माल ठेवू नये. गेममधल्या दहा दिवसांनी, गुहा साफ केलेली असली तर तीस दिवसांनी, पिंप नव्यानं भरतं आणि ठेवलेलं गायब. व्हाइटरन या गेममधल्या शहरातलं ५००० नाण्यांचं घर घ्यावं. तिथली पेटी जुन्या वाड्यातल्या बळदासारखी; फरक एवढाच की बळद कधीतरी भरायचं.

त्या पेटीत सगळ्यांचीच ड्रॅगनची हाडं असतात, एकेक १५ वजनाचं. लोहारकाम १०० वर गेल्याशिवाय त्यांचं चिलखत होत नाही, आणि तोवर बहुतेकांचा गेम उरकलेला असतो. हाडं काही कुजत नाहीत म्हणा.