तुम्ही विचारलंत म्हणून: ‘द फ्लॅश’ मी शेवटपर्यंत का बघितली?

‘ताई, चौथ्या सीझननंतर त्यात काही राम उरला नव्हता. तरी तुम्ही शेवटपर्यंत कशी काय बघितलीत?’ ‘द फ्लॅश’चा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी मालिका मध्येच कुठेतरी सोडलेली असते. पुढे काय झालं, आणि बघत राहिलो असतो तर हाती काही लागलं असतं का, हे त्यांना मनापासून जाणून घ्यायचं असतं. म्हणून एकदा सविस्तरच लिहिते. शेवट सांगितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही, तेव्हा ज्यांना अजून बघायची आहे त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

ज्यांना काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बॅरी अ‍ॅलन हा सेंट्रल सिटीच्या पोलिसांकडे फॉरेन्सिकचं काम करणारा तरुण. एका प्रयोगशाळेतला पार्टिकल अ‍ॅक्सिलरेटर फुटतो, त्या रात्री त्याच्यावर वीज पडते, आणि नऊ महिन्यांनी शुद्धीवर आल्यावर कळतं की तो जगात सगळ्यांत वेगाने धावू शकतो. पण मालिकेचा जीव या वेगात नाही. तो अकरा वर्षांचा असताना, 18 मार्च 2000 च्या रात्री, त्याच्या आईचा घरातच खून झालेला असतो. मुलाने डोळ्यांनी पाहिलेलं असतं की पिवळ्या विजेच्या लोळात कुणीतरी होतं. त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, वडील हेन्री निरपराध असून तुरुंगात जातात, आणि बॅरीला जो वेस्ट नावाचा डिटेक्टिव्ह स्वतःच्या मुलीबरोबर, आयरिसबरोबर, वाढवतो. 7 ऑक्टोबर 2014 ला अमेरिकेत सीडब्ल्यू वाहिनीवर ही गोष्ट सुरू झाली आणि 24 मे 2023 ला संपली. नऊ सीझन, 184 भाग.

तुमचा आक्षेप खरा आहे. मालिका घसरली. सलग तीन सीझनचा मुख्य खलनायक बॅरीसारखाच वेगाने धावणारा होता, आणि तिसऱ्या वेळी ती कल्पना पार पिळून निघाली. सहावा सीझन कोरोनामुळे एकोणिसाव्या भागावर तोडावा लागला. आयरिस आरशातल्या जगात अडकलेली, आणि तिची सुटका व्हायला मे 2020 पासून पुढच्या मार्चपर्यंत वाट बघावी लागली. सातव्याच्या शेवटी विजेच्या तलवारींची लढाई आली, तीही मला अजिबात आवडली नाही. सिस्को, म्हणजे ज्याने मालिकेला हसू दिलं तो माणूस, सातव्या सीझनमध्ये निघून गेला आणि शेवटच्या सीझनमध्ये एका भागापुरताही परत आला नाही. त्याची चुटपुट मला अजून आहे.

तरीही मी राहिले, कारण पाल्हाळ म्हणून लोक ज्याला नावं ठेवतात त्याच पाल्हाळात माझं मन रमलं होतं. पहिल्या चार सीझनमध्ये दरवर्षी तेवीस भाग असायचे. तेवढे भाग भरायचे म्हणजे दर आठवड्याला खलनायकाला पुढे सरकवून भागत नाही, माणसांना आपापसांत बोलू द्यावं लागतं. जो आणि बॅरी यांचं नातं या बोलण्यातून उभं राहिलं. जो वेस्टचं काम करणारा जेसी एल. मार्टिन हा नट समोरच्याचं ऐकत असताना नुसता डोळ्यांनी जे करतो, ते मला कुठल्याही लढाईपेक्षा जास्त लक्षात आहे. बॅरीला दोन वडील आहेत, एक काचेपलीकडे तुरुंगात आणि एक घरी जेवणाच्या टेबलावर, आणि मालिकेने त्याला कधी एकाची निवड करायला लावली नाही. हेन्री तुरुंगातल्या काचेवर हात टेकवतो, बॅरी बाहेरून त्यावर हात ठेवतो, आणि बॅरी घरी परततो तेव्हा जो त्याची वाट बघत असतो. दत्तक, सावत्र, सख्खं हे शब्द त्या घरात कुणी तोलत बसत नाही. हे आठ भागांच्या मालिकेत साधलं नसतं असं माझं ठाम मत आहे.

आणि भाग जास्त असले की एखादा जुगारही खेळता येतो. चौथ्या सीझनचा पंधरावा भाग बघा. शहराच्या मध्यभागी अणुबॉम्ब फुटतो आणि त्याच क्षणी बॅरी इतक्या वेगात शिरतो की त्याच्या दृष्टीने सगळं जग थिजून जातं. आगीचा गोळा जागच्या जागी उभा. जवळजवळ सगळा भाग त्या एका क्षणात घडतो. आपल्याइतक्याच वेगवान माणसांना तो मदतीला घेतो, ती एकेक करून दमतात आणि थिजतात. शेवटी त्याची स्वतःची ताकद संपत आली आहे, उपाय सुचत नाही, तेव्हा तो आयरिसला, आता त्याची बायको झालेली, हात लावून तिला त्या क्षणात ओढून घेतो. वाचवायला नाही, तिचा निरोप घ्यायला. आणि तीच तोडगा सांगते. असा एक भाग मिळण्यासाठी आगेमागे चार साधारण भाग बघायची माझी तयारी होती.

आता शेवटाबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

2022 चं वर्ष सीडब्ल्यूवरच्या, ‘द फ्लॅश’शी जोडलेल्या सगळ्या सुपरहिरो मालिकांना वाईट गेलं. वाहिनी विक्रीला निघाली होती, आणि 29 एप्रिलला एकाच दिवशी ‘बॅटवुमन’ आणि ‘लेजेंड्स ऑफ टुमॉरो’ बंद झाल्याचं जाहीर झालं. ‘लेजेंड्स’चा सातवा सीझन तर सगळी टोळी पकडली जाते तिथेच संपला होता. पुढे त्यांचं काय झालं, हे कधी कळलंच नाही. सात सीझन जीव लावलेल्या प्रेक्षकांना असं वाऱ्यावर सोडलेलं बघून मला फार वाईट वाटलं होतं. म्हणूनच 1 ऑगस्टला बातमी आली, की ‘द फ्लॅश’चा नववा सीझन शेवटचा आणि तो तेरा भागांचा असेल, तेव्हा दुःखाच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. शेवट ठरलेला आहे, लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे, नटांना ठाऊक आहे, आपल्यालाही ठाऊक आहे. निरोप घ्यायला वेळ मिळणार.

याचं मोल मला एवढं का वाटतं, ते सांगायचं तर तीस वर्षं मागे जावं लागेल. सप्टेंबर 1990 मध्ये सीबीएसवर ‘द फ्लॅश’ याच नावाची एक मालिका सुरू झाली होती. बॅरीचं काम जॉन वेस्ली शिप करायचा. तिच्या वाट्याला ‘द कॉस्बी शो’ आणि ‘द सिम्पसन्स’ यांच्यासमोरची वेळ आली, मग दिवस आणि वेळा बदलत राहिल्या, आणि बावीस भागांनंतर, मे 1991 मध्ये ती बंद पडली. शेवटचा भाग म्हणजे ट्रिकस्टर नावाच्या खलनायकाची आणखी एक कारवाई. ना निरोप, ना समारोप.

नव्या मालिकेने या जुन्या मंडळींना शोधून शोधून परत आणलं. शिप झाला बॅरीचा बाप, हेन्री. जुन्या मालिकेतली टीना मगी करणारी अमांडा पेज त्याच नावाच्या भूमिकेत आली. मार्क हॅमिल पुन्हा ट्रिकस्टर झाला. पण खरी परतफेड झाली डिसेंबर 2019 मध्ये, ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या पाच मालिकांच्या एकत्रित कथेत. भाकीत असं असतं की फ्लॅशला मरावं लागेल. आपला बॅरी तयार असतो, बायकोचा निरोपही घेऊन आलेला असतो. आणि ऐन वेळी 1990 चा फ्लॅश, तोच जुना लाल पोशाख, तोच आता साठी ओलांडलेला शिप, त्याचा वेग काढून घेतो आणि त्याच्या जागी स्वतः धावतो. फ्लॅश मरेल एवढंच भाकितात होतं, कुठला फ्लॅश ते नव्हतं. तो धावत असताना मध्येच 1990 च्या मालिकेतलं जुनं चित्रीकरण येतं, तो आणि टीना. मग तो नाहीसा होतो.

बंद पडलेल्या मालिकेच्या नायकाला एकोणतीस वर्षांनी त्याचा शेवट मिळाला. तोही कसला शेवट, दुसऱ्याचं आयुष्य वाचवून. हे ज्यांना सुचलं त्यांचं आणि आपलं प्रेम एकाच गोष्टीवर आहे, हे मला तेव्हा पक्कं कळलं. पुढच्या सीझनमध्ये कितीही तलवारी आल्या असत्या तरी मी हलणार नव्हते.

नववा सीझन 8 फेब्रुवारी 2023 ला सुरू झाला. तिकडचा बुधवार म्हणजे आपला गुरुवार. मी डोंबिवलीत, धाकटा भाऊ पुण्यात, आणि ज्याचा भाग आधी बघून होईल त्याने दुसऱ्याचा फोन येईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही असा आमचा जुना नियम. पहिले काही भाग यथातथाच होते. पण शेवट जवळ येऊ लागला तसं आमचं बोलणं बदललं. आधी आम्ही ‘आता हा कोण निघणार’ यावर वाद घालायचो. मार्चनंतर आम्ही कोण कोण भेटून गेलं तेच बोलायचो. नवव्या भागात ऑलिव्हर क्वीन आला. 2013 मध्ये त्याच्याच ‘अ‍ॅरो’ मालिकेत बॅरी पहिल्यांदा दिसला होता, म्हणजे ज्याच्या अंगणात हे रोप लावलं गेलं तोच निरोपाला आला. भाऊ फोनवर म्हणाला, ‘ताई, आता हे एकेकाला भेटवतायत गं.’

आणि मग दहावा भाग.

त्याआधी पहिल्या सीझनचा शेवट आठवायला हवा. बॅरीला त्या रात्री परत जायची संधी मिळते. आईला वाचवायचं एवढ्यासाठीच तो गेलेला असतो. दाराआडून बघतो, तर तिथे लढणारा भविष्यातला तोच स्वतः त्याला हाताने खुणावतो: नको, थांब. आणि तो थांबतो. दाराआड उभा राहून आईचा खून होऊ देतो. मग आत जातो, तिच्याजवळ बसतो, मुखवटा काढतो, मी तुझाच बॅरी आहे, मी आणि बाबा ठीक आहोत असं तिला सांगतो. बॅरीचं काम करणाऱ्या ग्रँट गस्टिनचा चेहरा त्या दोन मिनिटांत जे सोसतो, ते मी सुपरहिरोंच्या कुठल्याही चित्रपटात पाहिलेलं नाही. पुढे दुसऱ्या सीझनच्या अखेरीस त्याचा धीर सुटतो, तो तिला वाचवून येतो, आणि त्याची किंमत सगळ्यांना मोजावी लागते.

नवव्याच्या दहाव्या भागात काळ बॅरीला पुन्हा त्याच तारखेला नेऊन सोडतो. 18 मार्च 2000. फरक एवढाच की या वेळी अजून रात्र झालेली नाही. दिवस आहे, घर आहे, आई आहे, बाबा आहेत. मोठा झालेला मुलगा आईवडिलांच्या घरात त्यांच्याबरोबर वेळ घालवतो, आणि आज रात्री काय होणार हे फक्त त्यालाच ठाऊक आहे. आईचं काम करणारी मिशेल हॅरिसन आणि जॉन वेस्ली शिप समोर, आणि गस्टिन नुसता त्यांच्याकडे बघतोय. आधीच्या आठ सीझनमध्ये ती बिचारी आई मुख्यतः मरण्यासाठीच पडद्यावर आली होती. तिचं मरण आम्हाला तोंडपाठ होतं, तिचं जगणं आम्ही जवळजवळ पाहिलंच नव्हतं. संपायला चार भाग उरले असताना मालिकेला हे आठवलं आणि तिने त्यासाठी एक अख्खा भाग दिला. त्या गुरुवारी मी भावाला फोन केला तेव्हा आम्ही बराच वेळ त्या भागाबद्दल काही बोललोच नाही, आईच्या गुडघ्याचं काय म्हणतोय तेच बोलत बसलो.

अगदी शेवटच्या भागाबद्दल माझं मत मध्यम आहे. जुने खलनायक घाईघाईने परत आणलेले आहेत, मारामारी विसरण्यासारखी आहे. पण एक गोष्ट त्यांनी बरोबर केली. पहिल्या सीझनमध्ये इतरांसाठी स्वतःच्या छातीत गोळी घालून घेणारा एडी शेवटी शत्रू म्हणून उभा ठाकतो, आणि बॅरी त्याला हरवत नाही, त्याच्याशी बोलतो. लढाई बोलून थांबते. स्टार लॅब्सच्या, म्हणजे त्या सुरुवातीच्या प्रयोगशाळेच्या, कॉरिडॉरमध्ये उभं राहून होणाऱ्या त्या समजुतीच्या गप्पांना लोक कंटाळले होते. मला तो शेवट त्या गप्पांच्या बाजूने दिलेला निकाल वाटला. नंतर बॅरी आणि आयरिसच्या मुलीचा जन्म होतो, आणि बॅरी आपला वेग तीन नव्या माणसांबरोबर वाटून घेतो.

तेव्हा उत्तर असं: हो, हाती लागलं असतं. सोडलेली मालिका पुन्हा धरायची असेल तर मधले सगळे सीझन बघायलाच हवेत असं नाही. पहिला सीझन परत पूर्ण बघा, ‘क्रायसिस’चे पाचही भाग बघा, आणि मग थेट नवव्याच्या नवव्या भागापासून पुढे. फक्त दहावा भाग लावण्याआधी पहिल्या सीझनचा शेवट मनात ताजा असू द्या, आणि शक्य असेल तर त्या दिवशी दुसरा भाग लावू नका.