चंदीगड खुर्ची : सागवानी सांगाडा पूर्ण, आता वेताची वीण

चंदीगडच्या सरकारी कार्यालयांसाठी स्विस वास्तुविशारद पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली घडवलेल्या, कंपाससारखे फाकलेले पाय असणाऱ्या खुर्चीची प्रतिकृती मी करत आहे. तिचा सागवानी सांगाडा आता जोडून झाला आहे.

मापांसाठी मी लिलावांच्या सूचींचा आधार घेतला. क्रिस्टीज, सदबीज, शिकागोची राइट अशा संस्था प्रत्येक नगाची उंची, रुंदी व खोली देतात आणि जवळून घेतलेली छायाचित्रेही छापतात. निरनिराळ्या नगांची मापे शेजारी शेजारी मांडली की ती नेमकी जुळत नाहीत, हातांची जाडी आणि पायांचा निमुळतेपणाही बदलतो. जानरे १९५१ ते १९६५ या काळात चंदीगडमध्ये होते आणि सचिवालय, उच्च न्यायालय, पंजाब विद्यापीठ यांना लागणारे फर्निचर वेगवेगळ्या स्थानिक कारखान्यांतील सुतारांनी हाताने घडवले, त्यामुळे हा फरक स्वाभाविक आहे. एकच ‘अस्सल माप’ शोधत बसण्याऐवजी मी एका नगाची प्रमाणे निवडली आणि शेवटपर्यंत तीच पाळली. सूचींत जानरे यांचे नाव ठळक असते, आर्किटेक्ट युली चौधरी यांचा सहभाग क्वचित नोंदलेला दिसतो आणि सुतारांची नावे तर नसतातच. हे मला मनापासून खटकते.

लाकूड पाडलेल्या वाड्याच्या तुळईचे आहे. खिळे काढून, वरचा थर रंध्याने उतरवल्यावर आत उत्तम रेषा निघाल्या. सागात सिलिका असल्यामुळे पटाशीची धार लवकर जाते, म्हणून प्रत्येक खाचेनंतर धार लावणे मी नियमच केला. सर्वांत कसोटीचे काम पायांच्या जोडाचे होते. पाय तिरके असल्याने कुसवाचा, म्हणजे खाचेत बसणाऱ्या टोकाचा, खांदाही त्याच कोनात कापावा लागतो, आणि तिथे केसभर फट राहिली तरी पुढे सगळी खुर्ची हलू लागते. सरकत्या गुण्याने (हव्या त्या कोनात पक्के करता येणाऱ्या मापकाने) कोन एकदा पक्का केल्यावर चारही पायांच्या खुणा त्याच बैठकीत करून घेतल्या. साग तेलकट असतो, म्हणून सरस लावण्याआधी जोडाच्या जागा स्पिरिटने पुसल्या.

मूळ नगांवर खात्याचे नाव व क्रमांक रंगाने लिहिलेले असतात. कार्यालयांनी हे फर्निचर भंगार म्हणून लिलावात काढले, युरोपातील व्यापाऱ्यांनी ते स्वस्तात उचलले आणि परदेशी लिलावांत त्याला मोठ्या किमती आल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा वस्तूंच्या विक्रीला व निर्यातीला आळा घालणारा आदेश काढला. बाजारात नकलाही फिरतात आणि तो रंगवलेला क्रमांक पुरावा म्हणून दाखवला जातो, म्हणून माझ्या खुर्चीवर तो मी घालणार नाही. बैठकीच्या चौकटीच्या खालच्या बाजूस, घडवल्याचे वर्ष मात्र कोरले आहे.

पॉलिशबाबत माझे मत स्पष्ट आहे : लिलावासाठी चकचकीत केलेले काही नग पाहताना सागाचा पोत हरवल्यासारखा वाटतो, म्हणून मी फक्त तेल आणि मेण वापरणार आहे.

चौकटीला छिद्रे पाडून झाली आहेत. वेत आधी पाण्यात भिजवून मऊ करायचा, मग उभे, आडवे आणि शेवटी दोन्ही तिरके पदर घालायचे. उभे पदर किंचित सैल ठेवावे लागतात, कारण तिरके पदर ओवताना ताण वाढत जातो आणि वेत वाळला की वीण आणखी आवळते. पाठीची चौकट बैठकीपेक्षा लहान असल्याने सुरुवात तिथून करणार आहे.