फिटच्या गोळ्या आणि दिवस जाण्याआधीचा प्रश्न

मालवणात औषधाचे दुकान चालवताना एक गोष्ट नेहमी दिसते. फिटच्या गोळ्या घेणाऱ्या मुलीचे लग्न ठरले, की चिठ्ठी घेऊन तिची आई येते आणि गोळीचे नाव हळू आवाजात सांगते. सासरी कळू नये ही धडपड समजण्यासारखी आहे. पण ‘ही गोळी पोटातल्या बाळाला चालेल का’ हा जो प्रश्न न्यूरॉलॉजिस्टला, म्हणजे मेंदूविकाराच्या डॉक्टरांना, लग्नाआधीच विचारायला हवा, तो त्या लपवालपवीत दिवस गेल्यावर विचारला जातो.

बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेपासून घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकल्याचे लक्षात येते न येते तोच. सोडियम व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाची भीती आहे ती यासाठी. गरोदरपणी आईने हे औषध घेतले, तर सुमारे १० टक्के बाळांत मोठे जन्मजात व्यंग आढळते. एरवी हे प्रमाण २ ते ३ टक्के असते. शिवाय ३० ते ४० टक्के मुलांना पुढे बोलण्यात, शिकण्यात, वागण्यात अडचणी येऊ शकतात, आणि त्या कोणत्याही सोनोग्राफीत दिसत नाहीत. डोस जितका मोठा, तितका धोका अधिक. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटम या फिटच्या दुसऱ्या औषधांच्या बाबतीत व्यंगाचे प्रमाण जवळजवळ इतर मातांइतकेच राहते. मात्र गोळी बदलल्यावर फिट आटोक्यात राहते का, हे पाहण्यास काही महिने द्यावे लागतात.

म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे हा उपाय नव्हे. ‘बाळाला बाधतील’ म्हणून घरातल्या जाणत्या बाईने त्या थांबवल्या, तर लांबलेली फिट आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. उलट लॅमोट्रिजिनची रक्तातील पातळी गरोदरपणात घटत असल्याने त्याचा डोस बहुधा वाढवावाच लागतो, आणि बाळंतपणानंतर पुन्हा उतरवावा लागतो.

फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाचा प्रश्नही असाच आधी विचारायचा. आशाताई देतात त्या लोहाच्या गोळीत ते ५०० मायक्रोग्रॅम असते, तर अपस्मार (फिटचा आजार) असलेल्या स्त्रीला अनेक डॉक्टर दिवस राहण्याआधीपासूनच ५ मिलिग्रॅम देतात. त्यासाठी गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयापर्यंत जावे लागले, तरी जावे. अंगावर पाजण्याबद्दलही तिथेच विचारून घ्यावे. या गोळ्या चालू असताना बहुतेक मातांना बाळाला पाजता येते.