पोर्ट टॅलबटचे नाताळचित्र
डिसेंबर 2018 मध्ये वेल्समधील पोर्ट टॅलबट या पोलादनगरीत बँक्सी या ओळख लपवून काम करणाऱ्या ब्रिटिश भित्तिचित्रकाराने एका गॅरेजच्या भिंतीवर नाताळचे चित्र रंगवले. एका बाजूने पाहिले, तर एक लहान मूल हात पसरून, जीभ बाहेर काढून हिमकण झेलताना दिसते. कोपरा वळून पलीकडे गेले, की पेटलेला कचऱ्याचा डबा समोर येतो आणि ते हिमकण म्हणजे उडणारी राख असल्याचे ध्यानात येते. टाटांचा पोलाद कारखाना असलेल्या या गावासाठी याहून नेमके शुभेच्छापत्र मला सुचत नाही. पुढे एका कलाव्यापाऱ्याने ते विकत घेतले आणि 2022 मध्ये ते गावाबाहेर गेले. संग्राहकांच्या हौसेबद्दल मला आदर आहे. पण त्या गल्लीवाचून हे चित्र मला अपुरेच वाटते.