उकळत्या खाद्यात विरजण

फलटणजवळच्या आमच्या शेतावर मी लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीच्या डुकरांच्या बारा माद्या पाळतो. पहिल्या वर्षी पिल्ले आईच्या अंगावर असेपर्यंत सारे सुरळीत चाले; मात्र 28 व्या दिवशी दूध तोडले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिवळसर, पाण्यासारखी हगवण सुरू होई आणि जवळजवळ प्रत्येक वेतातली एक-दोन पिल्ले दगावत.

मी पाण्यातून प्रतिजैविक देत होतो. पशुवैद्यकांनी ते पाहिल्यावर दूध तोडताना पोटात काय घडते, हे मला शांतपणे समजावून सांगितले. दुधातल्या शर्करेपासून तयार होणारे लॅक्टिक आम्ल कमी होते, पिल्लाचे जठर स्वतःचे पुरेसे आम्ल अजून तयार करत नाही, आईच्या दुधातली प्रतिपिंडे बंद होतात आणि एक-दोन दिवस नीट न खाल्ल्याने आतड्यातले अन्नरस शोषणारे केसांसारखे सूक्ष्म उंचवटे आखूड होतात, हगवण लावणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंना याहून सोयीची वेळ मिळत नाही. प्रत्येक वेळी औषध ओतणे हा उपाय नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. कोलिस्टिन या प्रतिजैविकावर तर आपल्याकडे 2019 पासून अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत बंदीच आहे.

त्यांच्या सल्ल्याने लॅक्टोबॅसिलस हे दही लावणाऱ्या जिवाणूंच्या जातीतले उपयुक्त जिवाणू असलेली प्रोबायोटिक पावडर आणली आणि पुढच्या दोन वेतांना दिली. फरक शून्य. पैसे पाण्यात गेले, अशी माझी खात्री झाली होती. मका भरडा आणि हॉटेलचे उरलेले अन्न उकळून मी पिल्लांना देत असे आणि पावडर त्या वाफाळत्या पातेल्यातच ढवळत असे. आई हे पाहून म्हणाली, "अरे, उकळत्या दुधात कोणी विरजण घालतं का?" पावडरीतले जिवाणू जिवंत असतात, हे मला वाचून माहीत होते, ते हाताला उमगले नव्हते. शिवाय त्याच आठवड्यात पाण्यातून प्रतिजैविक चालूच होते, म्हणजे जे वाचले असते तेही मी मारत होतो.

पुढच्या वेळी बॅसिलस सब्टिलिस या दुसऱ्या उपयुक्त जिवाणूची पावडर घेतली, कारण त्याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातले सुप्त रूप, उष्णता बऱ्यापैकी सोसतात. तरीही ती थंड खाद्यातच, आधी थोड्या भरड्यात आणि मग उरलेल्यात, अशी मिसळली. दूध तोडण्याच्या आठवडाभर आधीपासून आईजवळच थोडे कोरडे खाद्य ठेवले, नंतर ते एकदम न बदलता हळूहळू बदलले, रात्री दिवा लावून गव्हाच्या काडाचे अंथरूण दिले. एका वेतातली पिल्ले दोन वेगळ्या खणांत ठेवून निम्म्यांनाच पावडर दिली.

निकाल माझ्या अपेक्षेइतका झगमगीत नव्हता. हगवण दोन्ही खणांत कमी झाली, म्हणजे बरेचसे श्रेय ऊब आणि सवयीच्या खाद्याचे. पावडरीच्या खणातली विष्ठा मात्र दोन दिवस आधी घट्ट झाली आणि पिल्ले भराभर खाऊ लागली. इतक्या थोड्या पिल्लांवरून मी कोणाला हमी देणार नाही. आता दूध तोडण्याच्या आधीच्या आठवड्यापासून नंतरचे तीन आठवडे पावडर देतो, पाकीट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवतो आणि पातेल्यात हात घातल्यावर गरम लागायचे थांबत नाही, तोवर ते उघडत नाही.