परमनंट सोडून कॉन्ट्रॅक्टवर

नाशिकच्या अंबडमधली परमनंट नोकरी सोडून मी आता कॉन्ट्रॅक्टवर पीएलसी (कारखान्यातल्या मशीन चालवणारा कंट्रोलर) प्रोग्रामिंग करतोय. आधी ऑर्डरी घटल्या, मग ओव्हरटाइम बंद, मग एकेक माणूस कमी व्हायला लागला आणि कँटीनमध्ये रोज पुढचा नंबर कोणाचा हीच चर्चा, म्हटलं कोणी काढायच्या आधी आपणच हलूया.

आण्णांनी पहिलं विचारलं, "अरे, पीएफचं काय?" बरोबरच होतं त्यांचं. महिन्याचा आकडा मोठा दिसतो पण त्यात कंपनीचा पीएफचा वाटा नाही, भरपगारी रजा नाही आणि मुख्य म्हणजे ग्रुप मेडिक्लेम नाही. म्हणून कळकळीने सांगतो, राजीनामा टाकायच्या आधी घरच्यांची स्वतंत्र पॉलिसी घ्या, जुन्या आजारांना वेटिंग पिरियड असतो. पाच वर्षं भरत आली असतील तर ग्रॅच्युइटीसाठी थोडं थांबा.

उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट होतं, ते कराच. मग लेखी करारातही पेमेंटची मुदत ४५ दिवसांच्या वर नेता येत नाही, पार्टीला फोन करताना याचा खूप आधार वाटतो. जीएसटी २० लाखांच्या वर उलाढाल गेली की, ते नंतर बघू.

सध्या सिन्नरला एका कन्व्हेयरचं काम चालूय, लाइन सारखी ट्रिप होऊन बंद पडायची, पॅनल उघडून एकेक इनपुट तपासत गेलो तर सेन्सरची वायर टर्मिनलमध्ये सैल निघाली. पुढच्या महिन्याचं काम अजून पक्कं नाही, सातपूरला कोटेशन देऊन ठेवलंय.