शुक्रवारी पाडलेला पूल

आमच्या घरातून आय-९३ महामार्ग दिसत नाही, पण ऐकू येतो. बॉस्टनच्या उत्तरेला मेडफर्डमध्ये राहायला आलो तेव्हा पहिले काही महिने मी तो आवाज समुद्राचा आहे अशी स्वतःची समजूत घालत होते. २०११ च्या जूनमध्ये एका शुक्रवारी रात्री तो समुद्र एकदम ओसरला आणि काँक्रीट फोडणाऱ्या ब्रेकरची धडधड सुरू झाली.

आई तेव्हा आमच्याकडे होती. उठून खिडकीशी आली. "अगं, एवढ्या रात्री काय फोडतायत?"

"पूल पाडतायत."

"अरे देवा. म्हणजे आता दोन-तीन वर्षं हेच?"

"नाही गं. सोमवारी पहाटे पाचला नवा पूल चालू."

तिने काहीच म्हटलं नाही, नुसतं बघितलं.

तिचं चुकत नव्हतं. इथले हे पूल १९५० च्या दशकाच्या अखेरचे. ऑगस्ट २०१० मध्ये त्यातल्या एकाच्या स्लॅबचा तुकडा खाली पडला आणि भर रस्त्यात भगदाड. दिवसाला दोन लाखांच्या आसपास गाड्या जाणारा हा रस्ता, आणि दुरुस्तीला आलेले पूल एकूण १४. नेहमीच्या पद्धतीने चार वर्षं लागली असती. राज्याच्या परिवहन खात्याने चार वर्षांचं दुखणं दहा शनिवार-रविवारांत उरकायचं ठरवलं. दर वेळी ५५ तास, ४ जुलैची सुट्टी सोडून. योजनेचं नाव 'फास्ट फोर्टीन'.

त्या ५५ तासांत एका दिशेचा रस्ता पूर्ण बंद असे, आणि दुसऱ्या दिशेच्या चार लेनमधून दोन जायच्या, दोन यायच्या. मधला कठडा एक यंत्र हलवत असे. काँक्रीटचे हातभर-दोन हात लांबीचे ठोकळे एकमेकांत अडकवून केलेली साखळी, ती यंत्राच्या पोटात एका बाजूने शिरते आणि नागमोडी वळून शेजारच्या लेनवर उतरते. मी ते बघत इतका वेळ उभी राहिले की आई कंटाळून पुढे गेली.

शनिवारी दुपारी आम्ही जिथपर्यंत जाऊ देत होते तिथपर्यंत गेलो. खांब जागच्या जागी, आणि वर जिथे काल रस्ता होता तिथे आकाश. खांब जुनेच ठेवायचे होते, फक्त वरचा भाग बदलायचा होता. संध्याकाळी क्रेनने नवा तुकडा अलगद उतरवला: दोन पोलादी गर्डर, म्हणजे तुळया, आणि त्यांच्यावर आधीच ओतून, मुरून तयार असलेला स्लॅब. आई म्हणाली, "हे तर आयतंच आणलंय की!"

खरी गंमत तीच आहे. पूल दोन दिवसांत 'बांधला' असं सगळे म्हणतात, पण तो कित्येक आठवडे आधी कुठल्यातरी कारखान्यात बांधून झालेला असतो. काँक्रीटला मुरायला जो वेळ लागतो तो लागतोच, फक्त तो वेळ गाड्यांच्या वाटेत काढायचा नाही. जागेवर ओतायला उरतात त्या दोन तुकड्यांमधल्या अरुंद फटी. दोन्हीकडून सळया त्या फटीत आलेल्या असतात, त्यांत काही तासांत घट्ट होणारं खास काँक्रीट भरतात. सगळी कसरत या चिंचोळ्या पट्ट्यांची. गर्डर चढवायला उशीर झाला तर माणसं आणि दिवे वाढवून वेळ भरून काढता येतो. रविवारी रात्री ओतलेल्या जोडाला मात्र कुणी हुकूम सोडू शकत नाही. पुरेशी ताकद आली नसेल तर पाच वाजोत नाहीतर सहा, त्याच्यावर गाडी घालता येत नाही.

स्वस्त नव्हतंच हे. सगळा प्रकल्प ९८ दशलक्ष डॉलरच्या आसपासचा होता. आणि आमच्यासारख्या पुलाजवळच्या लोकांची झोप त्यात धरलेली नव्हती. त्या उन्हाळ्यात मी ऑफिसात दोनदा मीटिंगमध्ये पेंगले. तरी रोज थोडी थोडी चार वर्षं पेंगण्यापेक्षा हे मला परवडलं. ऑगस्टच्या मध्यापर्यंत चौदाही पूल बदलून झाले.

त्या पहिल्या सोमवारी सकाळी आईला मुद्दाम गाडीत घातलं आणि आय-९३ वर आणलं. ती पुढे वाकून बसली होती.

"पूल आला की सांग हं."

"गेला, आई."